वय झालं, असं तू म्हणू दिलं नाहीस

वहिनी, तेराव्याच्या जेवणानंतर कुणीतरी ते वाक्य म्हणालंच. साताऱ्याहून तुझ्या मावसबहिणी आल्या होत्या. त्यांतल्या थोरलीने पदराला हात पुसत सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "काही म्हणा, सवाष्ण गेली. भाग्याची हो!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. दादा सोफ्याच्या कोपऱ्यात बसला होता. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे.

रेवाने माझ्या कानाशी तोंड आणलं. "आत्या, सवाष्ण म्हणजे?"

दिल्लीत वाढलेल्या तुझ्या लेकीला हा शब्द कुठून माहीत असणार? "नवरा हयात असलेली बाई," मी हळूच सांगितलं.

"अच्छा." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मग यात आईचं लक कुठे आलं? ती तर गेली ना."

मला वाटलं, तूच बोललीस. थोरली बिचारी गोरीमोरी झाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, म्हणून मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, "ताई, तुमचं चुकलं नाही. पण वहिनीला हे वाक्य सहन व्हायचं नाही. तिच्या आईच्या वेळीही सगळे हेच म्हणाले होते."

तुझ्या आईला मी पाहिलं नाही. जे माहीत आहे ते तूच सांगितलेलं. पन्नाशी ओलांडून फार वर्षं झाली नव्हती. माडीवर जाताना दम लागायचा, डावा खांदा भरून यायचा, जबडा दुखायचा. वैद्य म्हणाले पित्त, घरचे म्हणाले वय. एका दुपारी धान्य पाखडता पाखडता त्या कलंडल्या. त्यांना हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. "सगळी आळी तिच्या पाया पडत होती गं नीला," तू मला म्हणाली होतीस, "पण ती कशानं गेली, हे एकानंही विचारलं नाही."

हे तू मला लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये सांगितलंस, पोळ्या लाटताना. मी नोकरी लागून नुकती दिल्लीला आले होते आणि दादाकडे राहत होते. एका बाजूला बंगाली कुटुंब, दुसऱ्या बाजूला मल्याळी, आणि मधे तू, साताऱ्याचा ठसका जराही कमी न करता तुझ्या तोडक्या हिंदीत दोघांशी भांडणारी आणि दोघांना भाकरी खायला घालणारी. तेव्हा रेवा तुझ्या पोटात होती. आधी दोनदा दिवस जाऊन गर्भ टिकला नव्हता, त्यामुळे सगळे तुला फुलासारखे जपत होते. म्हणजे बसवून ठेवत होते. तू बसायची नाहीस. दूध आणायला चालत, भाजी आणायला सरोजिनी नगरला चालत, दळण डोक्यावर घेऊन चक्कीपर्यंत चालत. शेवटच्या महिन्यांत तुला तहान मात्र विलक्षण लागायची. माठ संपवायचीस. दवाखान्यात म्हणाले, लघवीत थोडी साखर दिसतेय, होतं असं, बाळंतपणानंतर जाईल.

आणि गेलीही. रेवा एवढी मोठी झाली की नर्स तिला दोन्ही हातांनी तोलत म्हणाली, "पहलवान आई है, पहलवान!" दादाने पेढे वाटले. गुटगुटीत बाळ म्हणून सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. त्या साखरेचं पुढे कुणी नाव काढलं नाही.

मग गुडगाव आलं. रेवा दहावीच्या आसपास असेल. परदेशी कंपन्या येऊ लागल्या होत्या, आणि दादाने इतक्या वर्षांची सरकारी नोकरी सोडून मानेसरच्या मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी धरली. सुरुवातीला कंपनीच्या बसने जायचा, मग दारात गाडी आली. सातव्या मजल्यावर फ्लॅट. गॅलरीतून एका बाजूला मोहरीची शेतं दिसायची आणि दुसऱ्या बाजूला क्रेन. भाजीला जायचं तर गाडीने, दुधाची पिशवी दाराला, कपड्यांना मशीन, खाली जायला लिफ्ट. फ्रिजमध्ये कोल्ड्रिंकच्या मोठाल्या बाटल्या, कारण पाहुण्यांना आता सरबत दिलेलं रेवाला आवडायचं नाही.

"मशीन आलं आणि पाळी गेली, एकाच वर्षी," तू हसत म्हणायचीस. हसण्यासारखं तेवढंच होतं. ऐन जानेवारीत, दिल्लीच्या त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत, तू सकाळी उठून गॅलरीचं दार सताड उघडायचीस आणि घामाने डबडबलेली उभी राहायचीस. आतून रजईतला दादा ओरडायचा, "अगं, मला मारतेस का काय?" जेवण पूर्वीइतकंच होतं, किंबहुना कमी. हातपाय तसेच बारीक राहिले आणि पोट तेवढं पुढे आलं. जुने ब्लाउज कमरेपाशी बसेनात. खालच्या मजल्यावरची हरजीत कौतुकाने म्हणायची, "भाभीजी, गुड़गाँव आपको सूट कर गया!" साताऱ्याचे पाहुणे म्हणायचे, सुख मानवलं. मीसुद्धा म्हटलं होतं, छान दिसतेस. तू आरशासमोर उभी राहून म्हणालीस, "दिसण्याचं सोड. हे शरीर माझ्या ओळखीचं राहिलं नाही."

एका दुपारी वीज गेली आणि जनरेटरही बंद पडला. तू जिन्याने वर यायला निघालीस. चौथ्या मजल्याच्या पायरीवर बसून राहिलीस. दम लागला होता, ते ठीक. पण जबडा दुखत होता. वर पोचल्यावर तू मला ऑफिसात फोन केलास. तुझा आवाज अगदी शांत होता, म्हणून मी घाबरले. "नीला, आईचं दुखणं माझ्याकडे आलंय," एवढंच म्हणालीस.

त्याच संध्याकाळी दादा, तू आणि मी जवळच्या डॉक्टरांकडे गेलो. वयस्कर, सौम्य गृहस्थ. त्यांनी तुझं सगळं ऐकून घेतलं, आणि उत्तर दिलं ते दादाकडे बघून. "मेनोपॉज है, जगदाळे साहब. इस उम्र में लेडीज़ को ऐसा होता रहता है. गैस की गोली लिख देता हूँ. इनका भजन-कीर्तन में मन लगाइए."

दादाने चिठ्ठी घेतली आणि उठला. मीही उठले. तू उठली नाहीस.

"डॉक्टर साहब, ये दर्द मेरे पति को होता तो आप क्या करते?"

ते जरा गडबडले. "उनका... उनका तो ईसीजी करवाते."

"तो मेरा भी करवाइए."

"देखिए, बहनजी, लेडीज़ में हार्ट का—"

"मैं यहीं बैठी हूँ."

बाहेरच्या बाकावरची माणसं दारातून डोकावायला लागली. दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो वाकून पुटपुटला, "सरोज, चल. लोक बघतायत."

"बघू देत," तू मराठीत म्हणालीस. "आईकडे कुणी बघितलंच नव्हतं."

ईसीजी झाला. कागदाच्या त्या पट्टीकडे डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी गॅसची चिठ्ठी दादाच्या हातून परत घेतली आणि मोठ्या हॉस्पिटलच्या नावाने दुसरी लिहिली. त्यांचा प्रामाणिकपणा मी विसरले नाही. ते तुला म्हणाले, "आपने अच्छा किया."

हॉस्पिटलात सगळं एकेक करून बाहेर आलं. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, कोलेस्टेरॉल वाढलेलं, आणि हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झालेली. तिथली डॉक्टरीण तरुण होती, भराभर बोलणारी. तिने तुझी उंची-वजन घेतलं आणि मग टेप घेऊन कमर मोजली. तुला गंमत वाटली. शिंपी सोडून तुझी कमर कुणी मोजली नव्हती. तिने विचारलं, "प्रेगनेंसी में कभी शुगर निकली थी?"

"निकली थी. बोले, ठीक हो जाएगी. हो भी गई."

"ठीक नहीं हुई थी, आंटी. छुप गई थी."

मग तिने नीट समजावून सांगितलं. पाळी चालू असते तोवर बाईच्या शरीराला एक आतलं संरक्षण असतं. पाळी थांबते तसं ते उतरतं. चरबी मांड्यांवरची पोटाकडे सरकते, साखर नीट जिरत नाही, रक्तवाहिन्या कडक व्हायला लागतात. हे सगळ्याच बायकांचं थोडंफार होतं. पण जिला गरोदरपणी साखर होऊन गेली, जिच्या आईचं असं झालं, तिने तर चाळिशीपासूनच दरवर्षी तपासत राहायला हवं. पूर्वी चालत होतीस, हाताने कामं करत होतीस, म्हणून निभावलं. आता दोन्ही आधार एकदमच गेले.

घरी येताना तू गाडीत रिपोर्ट पुन्हापुन्हा उलटत होतीस. फाटकापाशी आल्यावर म्हणालीस, "म्हणजे शरीरानं मला रेवाच्या वेळीच सांगून ठेवलं होतं. ऐकणारंच कुणी नव्हतं." तुझ्या आवाजात दुःख नव्हतं, वहिनी. तू संतापली होतीस. मी तुला पुष्कळदा चिडलेली पाहिलंय, पण तसा संताप पुन्हा पाहिला नाही. पुढची पंधराएक वर्षं तू त्या संतापावर काढलीस.

तेव्हाच्या गुडगावात चालायला जागा कुठे होती? रस्ते अर्धवट, फुटपाथ नाहीत, दिवसभर रेतीचे ट्रक, आणि इमारतीच्या सांगाड्यांवरून टक लावून बघणारे लोक. पहिल्या आठवड्यात एका कुत्र्याने तुझा पदर फाडला. दुसऱ्या दिवशी तू पंजाबी सूट घातलास, हातात दादाची छत्री घेतलीस आणि पुन्हा निघालीस. जगदाळ्यांच्या सुनेने पन्नाशीला सूट घातला म्हणून दादा दोन दिवस अबोला धरून होता. मग हरजीत आली. मग तिची जाऊ आली. घरी तू पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलायचीस, खुर्चीवरून हात न टेकता उठाबशा काढायचीस, कारण डॉक्टरीण म्हणाली होती की स्नायू राहिले तर साखर जिरेल. रेवा हसायची. "आई, तू पहलवान लग रही है!" तू म्हणायचीस, "पहलवान मी जन्माला घातलाय. आता स्वतः होऊन बघते."

सोसायटीच्या सभेची गोष्ट हरजीतने तेराव्याला पुन्हा सांगितली. भिंतीच्या कडेने मोकळी पट्टी होती, तिथे कमिटीला गाड्यांसाठी आणखी जागा करायची होती. तू उठून म्हणालीस, तिथे बायकांना चालायला रस्ता करा. सेक्रेटरी हसून म्हणाले, "भाभीजी, लेडीज़ को वॉक करनी है तो छत है ना."

"छत पर टंकियाँ हैं. आप अपनी गाड़ी छत पर रख लीजिए."

अर्धी पट्टी मिळाली. अर्ध्यात गाड्या लागल्या. तू म्हणालीस, अर्धी तर अर्धी, आपण फेऱ्या जास्त मारू.

तू नेहमीच अशी लढत होतीस असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. एका मे महिन्यात तू भर उन्हात माझ्या क्वार्टरवर आलीस. तिमाहीचा रिपोर्ट आला होता. एवढं करून साखर वाढलेलीच होती, औषध वाढवलं होतं. तू पंख्याखाली जमिनीवर बसलीस आणि रडलीस. "सगळ्यांसाठी वेगळं, माझ्यासाठी वेगळं रांधायचा कंटाळा आला गं. गुळाचा खडासुद्धा चोरून खायचा. कशासाठी?" मी तुझ्याजवळ बसले. आपण दोघींनी कलिंगड कापलं, तू एकच फोड घेतलीस. जाताना चपला घालताना म्हणालीस, "मरणाची भीती नाही वाटत मला. पण मी मेले तर कशानं मेले हे सगळ्यांना कळलं पाहिजे. 'वय झालं' म्हणून मला कुणी पोचवायचं नाही."

आणि आपलं ते भांडण. ते राहूनच गेलं.

रेवाला दिवस गेले तेव्हा तूच हट्टाने तिची साखर वेळेआधी तपासायला लावलीस, आणि ती निघाली. तुझ्यामुळे वेळेत कळलं, सगळं नीट पार पडलं, ईरा झाली. पण त्यानंतर तू रेवाच्या ताटावर पहारा बसवलास. भात किती घेतला, गोड का घेतलं, कमर मोजली का, चाललीस का. एका रविवारी तिने घास ताटात टाकला आणि म्हणाली, "आई, माझ्या प्लेटकडे बघणं बंद कर, प्लीज." आणि रडत आत गेली. मी स्वयंपाकघरात येऊन तुला म्हटलं, "वहिनी, ती स्वतःच्या शरीराचा राग करायला लागेल अशाने."

"मग काय करू? गप्प बसू? माझी आई गप्प बसली होती."

"गप्प बसू नकोस. पण आजाराची भीती घालून कुणी निरोगी होत नाही."

"भीतीनंच वाचले मी, नीला."

"तू भीतीने वाचली नाहीस. तू भांडून वाचलीस. तिला तिचं भांडू दे."

तू कढई घासत राहिलीस. नंतर दोनदा मी तो विषय काढला, दोनदा तू टाळलास. तू बरोबर होतीस की मी, मला अजून कळत नाही. तुझ्या धाकाशिवाय रेवाने तपासलं असतं का? आणि त्या धाकामुळे तिला किती वर्षं आरशात बघवलं नाही, हे तुला माहीत होतं का? मला तुझं उत्तर हवं होतं. आता ते माझं मलाच शोधायला हवं.

मेट्रो गुडगावपर्यंत आली तेव्हा तू ईराला कडेवर घेऊन नुसती फिरायला म्हणून माझ्याकडे आलीस. स्टेशनच्या सरकत्या जिन्याशेजारचा साधा जिना चढून आलीस आणि वर पोचल्यावर, घ्यायला आलेल्या मला म्हणालीस, "बघ, दम नाही." तुझ्या आईला हे वयही मिळालं नव्हतं आणि नातही बघायला मिळाली नव्हती. ही वर्षं तू भांडून मिळवलीस. मी तुला कधी तसं सांगितलं नाही, कारण तू लगेच म्हणाली असतीस, "डायलॉग मारू नकोस." आता म्हणते. तुझ्यामुळे हरजीतची साखर वेळेत सापडली, तिच्या जावेचा रक्तदाब सापडला, आणि त्या इमारतीतल्या बायका आता डॉक्टरांसमोर स्वतःच्या तोंडाने बोलतात. मला तुझा अभिमान वाटायचा. फार वाटायचा.

या हिवाळ्यात ताप आला, छातीत कफ भरला, आणि आधीच थकलेल्या हृदयाला ते झेपलं नाही. आयसीयूच्या डॉक्टरांनी आम्हाला बसवून सगळं सांगितलं, काय झालं, का झालं, काय काय केलं. कुणी म्हणालं नाही की वय झालं होतं. तेवढं तू मिळवलंस.

परवा रेवा मला तपासणीला घेऊन गेली. मी तिला म्हणत होते, मी बारीक आहे, मला काय होणार? तुझ्याशीही मी हेच म्हणायचे. रेवा म्हणाली, "आत्या, बारीक माणसाच्या आतपण चरबी असते. चल, यार. माझी पण ड्यू आहे." तिने स्वतःहून तारीख काढली होती, कुणी सांगितलं नव्हतं. तिची साखर चांगली आली. माझी काठावर आली. डॉक्टर म्हणाले, बघू सहा महिन्यांनी.

काल दुपारी दारात दादा. एकटाच मेट्रोने आला होता, दाढी वाढलेली, हातात पेरूंची पिशवी. पाणी प्यायला आणि म्हणाला, "रेवा म्हणाली रिपोर्ट आलाय. दाखव."

चष्मा लावून त्याने एकेक ओळ वाचली. मग रिपोर्टची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली, आणि खिडकीकडे बघत विचारलं, "नीला... तुझी पाळी थांबली का?"

वहिनी, आमच्या घरात हा शब्द पुरुषाच्या तोंडून मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. तुझी गेली तेव्हासुद्धा तो "हिची तब्येत" एवढंच म्हणायचा. त्याचे कान तांबडे झाले होते, पण त्याने नजर वळवून माझ्याकडे बघितलं. उत्तराची वाट बघत होता.

"गेल्या वर्षी थांबली," मी म्हटलं.

"हे डॉक्टरला सांगितलंस? आणि आईचं? आपल्या आईलाही साखर होती ना शेवटी?"

"त्यांनी विचारलं नाही."

"त्यांनी विचारलं नाही तर आपण सांगायचं. सहा महिने कशाला थांबायचं? कमर मोजली?"

"नाही."

"मग सोमवारी जाऊ. मी येतो."

मी हो म्हटलं. आम्ही पेरू कापले, आणि समोरासमोर बसून पहिल्यांदाच मी माझ्या भावाला माझ्या शरीराबद्दल सगळं सांगितलं. घाम, झोप न येणं, गुडघे, धडधड. त्याने मधे एकदाही विषय बदलला नाही.